जहाजं बुडाली, मग ला पेरूजची रोजनिशी वाचली कशी?

सागरिका_सिडनी

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली आम्ही सिडनीत राहतो. गेल्या रविवारी मुलाला घेऊन ला पेरूजला गेले होते. बॉटनी बेच्या तोंडाशी ही वस्ती आहे. समुद्राकडे बघत उभा असलेला एक दगडी स्तंभ, जवळच एका फ्रेंच पाद्र्याची कबर, थोडं पलीकडे संग्रहालय. मला एवढंच समजलं, की ला पेरूज नावाचा फ्रेंच उमराव दोन जहाजं घेऊन १७८८ साली इथे आला, सहा आठवडे राहिला, आणि इथून निघाल्यावर तो कुणाला दिसलाच नाही. आणि तरी त्याचं प्रवासवर्णन छापलेलं आहे!

मुलगा नऊ वर्षांचा. परतताना बसमध्ये विचारतो, "आई, माणसं बुडाली, जहाजं बुडाली, मग त्याची वही का नाही बुडाली?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगाल का? आणि जहागिरीच्या घरातला माणूस समुद्रावर कशाला गेला असेल?

वाशिष्ठीकाठचा

सागरिकाताई, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. मी दाभोळचा. आजोबा गलबतावर तांडेल होते, मी व्यापारी जहाजांवर चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा कप्तान म्हणून. ला पेरूजच्या रोजनिशीचं इंग्रजी भाषांतर माझ्या केबिनमध्ये कायम असायचं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वही बुडाली नाही, कारण ती जहाजावर नव्हतीच. फ्रान्सकडे जाणारा भरवशाचा माणूस ज्या बंदरात भेटेल तिथे तो लिहून झालेले कागद आणि नकाशे त्याच्या हवाली करायचा.

१ ऑगस्ट १७८५ ला 'बुसोल' आणि 'आस्त्रोलाब' ही दोन जहाजं ब्रेस्टहून निघाली. दोन्हींवर मिळून सुमारे सव्वादोनशे माणसं. जानेवारी १७८७ मध्ये ते मकावला पोचले. अलास्कात घेतलेली कातडी तिथे विकून आलेला पैसा त्याने खलाशांचा मानला. तिथूनच दुफ्रेन नावाचा त्याचा एक सोबती कागद घेऊन मायदेशी परतला.

मग त्याच वर्षी सप्टेंबरात रशियाच्या पूर्व टोकाला, कामचाट्कातलं पेत्रोपाव्लोव्स्क बंदर. इथे त्याने बार्तेलेमी द लेसेप्स या एकवीस वर्षांच्या दुभाष्याला उतरवलं आणि रोजनिशीचा पुढचा भाग त्याच्याकडे दिला. तो पोरगा कुत्र्यांच्या गाड्यांवरून, बर्फातून, अख्खा सैबेरिया ओलांडून वर्षभराने, ऑक्टोबर १७८८ मध्ये, व्हर्सायला पोचला. सुएझचा कालवा ज्याने खोदवला त्या फर्डिनांडचा हा सख्खा काका. मी सुएझमधून कितीतरी वेळा गेलो, आणि दर वेळी मला आधी काकाच आठवला.

शेवटचे कागद तुम्ही उभ्या होतात तिथून गेले. २६ जानेवारी १७८८ ला ला पेरूज बॉटनी बेमध्ये नांगर टाकत होता आणि इंग्रजांचा तांडा त्याच दिवशी तिथून हलून आजच्या सिडनीच्या बंदरात चालला होता. त्याने कागद त्या इंग्रजांकडेच सोपवले. १० मार्चला तो निघाला. कागद युरोपात पोचले, तो पोचला नाही.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत जे शत्रू होते त्यांच्या हाती असे कागद कुणी देईल का? त्याच्या बाबतीत मला नवल वाटत नाही. १७८२ मध्ये त्याने हडसनच्या उपसागरातला इंग्रजांचा प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला घेतला. किल्ल्याचा प्रमुख सॅम्युअल हर्न याच्या उत्तर कॅनडातल्या पायपिटीचं हस्तलिखित त्याच्या हाती लागलं. त्याने ते परत केलं, एकाच अटीवर: हे तू छापायचंस. पुढे १७९५ मध्ये ते छापलं गेलं. हडसनच्या उपसागरातून निघताना, रानात पळून गेलेले इंग्रज थंडीत मरू नयेत म्हणून त्याने त्यांच्यासाठी धान्य आणि बंदुकाही मागे ठेवल्या.

आता उमरावीबद्दल. घराणं दक्षिण फ्रान्समधल्या आल्बीजवळचं, जन्म १७४१ चा. त्या काळी फ्रेंच आरमारात अधिकारी व्हायचं तर खानदानी घराण्यातला असणं जवळपास अटच होती, म्हणजे तो घराणं सोडून समुद्रावर गेला असं नाही, घराण्यामुळेच गेला. पंधराव्या वर्षी ब्रेस्टला भरती झाला, अठराव्या वर्षी किबरॉनच्या लढाईत जखमी होऊन इंग्रजांचा कैदी झाला. पुढे मॉरिशसला नेमणूक असताना तो आपल्याकडेही आला होता, मलबार किनाऱ्यावर माहेच्या बचावासाठी.

पण त्याची रोजनिशी मी जवळ ठेवली ती एका पानासाठी. १३ जुलै १७८६, अलास्कातली लितुया खाडी. खोली मोजायला तीन होड्या गेल्या. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा लोंढा जबरदस्त, त्यात दोन होड्या ओढल्या गेल्या आणि एकवीस माणसं गेली. त्यांत ला बोर्द आडनावाचे दोन सख्खे भाऊ. ला पेरूजने होड्यांच्या प्रमुखाला लेखी ताकीद दिली होती, की लाटा फुटताना दिसल्या तर तोंडाजवळ जायचं नाही. ते हुकूमपत्र त्याने रोजनिशीत जसंच्या तसं उतरवलं आहे. आपण रडलो हेही लिहिलं आहे. खाडीतल्या बेटावर त्यांनी स्मारक उभारलं आणि त्याच्या पायथ्याशी एका बाटलीत चिठ्ठी पुरली: तू कुणीही असलास तरी आमच्या आसवांत तुझीही मिसळ.

माझ्या जहाजावर एकदा बंदराला लागताना दोर तुटला आणि उलटून एका बावीस वर्षांच्या खलाशाला लागला. मुलगा जागच्या जागी गेला. कंपनीला चार ओळी हव्या होत्या: वेळ, जागा, दोराची जाडी, मृत्यूचं कारण. त्या मी लिहिल्या. त्याच्या वडिलांना पत्र लिहायला बसलो तर तीन कागद फाडले. त्या रात्री हे लितुयाचं पान काढून वाचलं, आणि चौथा कागद पुरा झाला.

हेमंत_पी

कॅप्टनसाहेब, वाचून गप्प झालो. एक शंका. गिलोटिनखाली जाताना सोळाव्या लुईने "ला पेरूजची काही खबर?" असं विचारलं होतं म्हणतात. खरं का?

वाशिष्ठीकाठचा

ती दंतकथा धरा. राजाला भूगोलाचा नाद होता आणि या मोहिमेत त्याने जातीने लक्ष घातलं होतं, एवढं खरं. शोधासाठी १७९१ मध्ये द'आंत्रकास्तो याला दोन जहाजं देऊन पाठवलं. राजाचा शिरच्छेद झाला जानेवारी १७९३ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात ही शोधजहाजं दक्षिण पॅसिफिकमधल्या वानिकोरो बेटाच्या जवळून गेली, लांबून बेट पाहिलं, नकाशात नाव टाकलं आणि पुढे निघून गेली. ला पेरूजची दोन्ही जहाजं त्याच बेटाच्या प्रवाळांवर फुटली होती.

मृण्मयी_के

काका, बायकोबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी मॉरिशसला शिकवते, तिथे हे नाव ऐकलं होतं. एलेओनोर ब्रुदू, पोर्ट लुईची. तिचे वडील तिथल्या इस्पितळाच्या कारभारात साधे नोकर. ला पेरूजच्या वडिलांना हे स्थळ अजिबात मान्य नव्हतं. आल्बीकडच्यांनी खानदानी घरातली दुसरी मुलगी ठरवूनही ठेवली होती. लग्नाला आरमाराची परवानगी लागायची. त्याने ती न मागताच १७८३ मध्ये पॅरिसला एलेओनोरशी लग्न केलं आणि मग मंत्र्यांना पत्र लिहून कबुली दिली. त्यांनी माफ केलं. जेमतेम दोन वर्षांचा संसार, मग तो निघाला.

१७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने ठरवलं, की त्याची रोजनिशी सरकारी खर्चाने छापायची आणि विक्रीचं उत्पन्न तिला द्यायचं. १७९७ मध्ये चार खंड आणि नकाशांची पोथी निघाली. १८०७ मध्ये ती गेली. नवरा कुठे बुडाला हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

सागरिका, तू पाहिलास तो स्तंभसुद्धा ठिकाण सापडायच्या आधीच ठरलेला. १८२५ मध्ये ह्यासिंत द बुगँव्हिल हा दुसरा फ्रेंच नौदल अधिकारी तिथे आला होता, त्याच्या पुढाकाराने तो उभा राहिला.

वाशिष्ठीकाठचा

मृण्मयीताई, बरं झालं लिहिलंत. मग ठिकाण कसं सापडलं तेही सांगतो, कारण त्यात आपल्याकडचा एक माणूस आहे आणि त्याचं नाव सहसा गाळलं जातं.

१८१३ मध्ये पीटर डिलन हा आयरिश व्यापारी दर्यावर्दी ज्या जहाजावर होता त्यातून, वानिकोरोच्याच भागातल्या तिकोपिया बेटावर तिघं उतरली: बुशार्ट नावाचा एक प्रशियन, त्याची फिजीची बायको आणि एक लस्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशी. त्याला 'ज्यो' म्हणत. १८२६ मध्ये डिलन पुन्हा तिथे आला, तेव्हा या लस्कराने जहाजावरच्या लोहाराला तलवारीच्या मुठीचं चांदीचं कडं विकलं. कुठून आलं विचारल्यावर वानिकोरोचं नाव निघालं. लस्कर स्वतः तिथे जाऊन आला होता. दोन जहाजं फुटली, वाचलेल्यांनी लहान जहाज बांधलं, बरेचसे त्यातून गेले, काही मागे राहिले, आणि मागे राहिलेल्यांपैकी दोन म्हाताऱ्या गोऱ्यांना मी भेटलो, असं त्याने सांगितलं.

डिलनने कलकत्ता गाठलं, कंपनी सरकारने त्याला 'रिसर्च' हे जहाज दिलं, आणि सप्टेंबर १८२७ मध्ये तो वानिकोरोला पोचला. तिथे मिळालेल्या वस्तू त्याने पॅरिसला नेल्या. त्या ओळखायला म्हातारा लेसेप्स हजर होता. त्या मोहिमेतला हयात असलेला तो एकटाच. डिलनला फ्रान्सने मानाचं पदक आणि सालाना चार हजार फ्रँक दिले.

माझे आजोबा ज्या प्रकारची कामं करायचे तीच कामं हा ज्यो करत होता. त्याचं गाव कुठलं, त्याचे आईबाप कोण, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

सागरिका_सिडनी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलाला सगळं वाचून दाखवलं. लेसेप्सच्या कुत्र्यांच्या गाड्या त्याला फार आवडल्या. झोपताना विचारत होता, ज्योला घरी परत यायचं नव्हतं का?

वाशिष्ठीकाठचा

डिलनने त्याला वानिकोरोला सोबत चल म्हणून खूप गळ घातली. तो नाही म्हणाला. तिकोपियावर त्याला तेरा वर्षं झाली होती.