मदत हवी आहे: मेलमध्ये ‘फॉर सिक्स अवर्स’ लिहायचं की ‘इन सिक्स अवर्स’?

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला मेंटेनन्स बघतो. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. आमचा माल आता जर्मनीला जातोय, त्यामुळं ब्रेकडाऊन झाला की तिकडं इंग्रजीत मेल टाकायचं काम माझ्या गळ्यात आलंय.

गेल्या आठवड्यात हायड्रॉलिक पंपाचं सील फुटलं. दुरुस्तीला सहा तास लागले, मशीन सुरू झालं, मी मेल टाकला: ‘वी रिपेअर्ड द पंप फॉर सिक्स अवर्स.’ तिकडून उलटा प्रश्न, पंप दुरुस्त झाला की नाही? साहेबांनी मलाच झापलं.

शाळेत ‘फॉर’ म्हणजे साठी आणि ‘इन’ म्हणजे मध्ये, एवढंच शिकवलेलं. सहा तासांसाठी दुरुस्त केला म्हणजे काय, सातव्या तासाला परत बिघडला? कुणीतरी नीट समजावून सांगा. नियमांचा पीडीएफ नको, तो आहे माझ्याकडं.

प्रतिसाद १
भावा, नियम तुझ्या तोंडात आहे. ‘रंकाळ्यावर तासभर फिरलो’ म्हणतोस, आणि ‘पन्हाळ्याला तासात पोचलो’ म्हणतोस. ‘पन्हाळ्याला तासभर पोचलो’ कुणी म्हणेल का? भर तिथं फॉर, त तिथं इन. ‘आय वॉक्ड फॉर ॲन अवर’, ‘आय रीच्ड पन्हाळा इन ॲन अवर’.

प्रतिसाद २
वरच्यांचं बरोबर आहे, फक्त कारण जोडतो. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांची अशी वर्गवारी मांडली. गाडा ढकलताना मध्येच थांबलात तरी गाडा ढकलला हे खरंच राहतं. वर्तुळ काढताना मध्येच थांबलात तर वर्तुळ काढलं असं म्हणता येत नाही. पहिल्या कामाला ठरलेला शेवट नाही, तिथं फॉर. दुसऱ्याला आहे, तिथं इन.

आता तुमचा पंप. दुरुस्तीला शेवट असतो. त्याला फॉर लावलं की वाचणाऱ्याला वाटतं, सहा तास खटपट केली, पण काम तडीस गेलं नाही. जर्मन माणसानं विचारलं ते रास्तच होतं. क्रियापद तेच राहून मागचा शब्द बदलला तरी फरक पडतो बरं का. नुसतं ‘मिसळ खात होतो’ याला शेवट नाही, ‘दोन प्लेट मिसळ खाल्ली’ याला आहे. म्हणून ‘एट टू प्लेट्स इन टेन मिनिट्स’. (दहा मिनिटांत दोन प्लेट, तांबडा रस्सा वेगळा. आमच्या वयात जमत नाही.)

धागाकर्ता
डोक्यात उजेड पडला. ‘सहा तास लागले’ असं मनात होतं म्हणून फॉर आलं. पण एक अडलं. ‘द पॉवर वेंट ऑफ फॉर टू अवर्स’ असं मी एका ठिकाणी वाचलं. लाईट जायला तर क्षण लागतो, मग फॉर कसं?

प्रतिसाद २
आपण तरी काय म्हणतो? ‘लाईट दोन तास गेली होती.’ ते दोन तास जाण्याचे नाहीत, गेलेली असण्याचे आहेत. इंग्रजीतही तेच. आणि तुमचं ‘लागले’ जसंच्या तसं हवं असेल तर ‘इट टूक अस सिक्स अवर्स टू रिपेअर द पंप’. त्यात फॉरही नाही, इनही नाही. घाईत हेच लिहा.

प्रतिसाद ३
डिस्पॅचला असतो म्हणून सांगतो, पुढचा खड्डा ‘इन टू डेज’चा आहे. आपण ‘दोन दिवसांत पाठवतो’ या अर्थानं ‘वी विल सेंड इट इन टू डेज’ लिहितो. समोरचा धरतो दोन दिवसांनी, म्हणजे परवा. आतच पाठवायचं असेल तर ‘विदिन टू डेज’ लिहायचं. यावरून आमच्याकडं ट्रक अडून बसलाय एकदा.

धागाकर्ता
सुधारलेला मेल गेला: ‘वी रिपेअर्ड द पंप इन सिक्स अवर्स. द मशीन हॅज बीन रनिंग फॉर फाइव्ह डेज.’ दुसऱ्या वाक्यात आधी मी ‘सिन्स फाइव्ह डेज’ लिहिलं होतं, पोरीनं मागून बघून खोडलं. ती आठवीला आहे. सिन्ससाठी वेगळा धागा काढू की इथंच विचारू?