मदत हवी आहे: दहावीत दोन विषय राहिलेत, पहाटे मार्केटयार्डात काम करतो, वायरमन व्हायचंय. पुण्यात काय मार्ग आहे?

नमस्कार मंडळी. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत मी संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका घेते. खोली गणेश मंडळाची आहे, उत्सवाचे दिवस सोडले तर वर्षभर आम्हालाच वापरायला देतात. पंधरा-वीस मुलं येतात. आजचा प्रश्न त्यातल्या एकाचा आहे.

वय १७. गेल्या वर्षी दहावीला गणित आणि विज्ञान राहिलं. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते, धाकटी बहीण सातवीत. हा पहाटे तीनला उठून मार्केटयार्डात एका गाळ्यावर माल उतरवतो आणि दहाला मोकळा होतो. त्याचे पैसे घरभाड्याला जातात.

वायरिंगचं मात्र त्याला वेड आहे. परवा लाइट गेली म्हणून आम्ही सगळे बाहेर येऊन बसलो होतो. मी सहज विचारलं, जिन्यातला दिवा खालून लावून वरून कसा बंद होतो रे? त्याने खडू घेतला आणि खोलीच्या पत्र्याच्या दारावर दोन टू-वे स्विच, मधल्या दोन तारा, फेज कुठे, न्यूट्रल कुठे, सगळं काढून दाखवलं. पोती उचलून त्याच्या बोटांना चिरा पडल्यात, पण रेघ सरळ येत होती. विज्ञानात नापास झालेला मुलगा हा! ते चित्र मी अजून पुसलेलं नाही.

आता अडचण सांगते. गेल्या दिवाळीनंतर आईने भिशी उचलून १२,००० रुपये एका खाजगी क्लासला भरले. ‘सहा महिन्यांत इलेक्ट्रिशियन, शंभर टक्के नोकरी’ अशी त्यांची जाहिरात होती. पाच आठवड्यांत शिकवणारे यायचेच बंद झाले. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कलिस्ट, दोन्ही मूळ प्रती त्यांच्याकडे आहेत आणि ‘उरलेली फी भरा, मग कागद न्या’ असं म्हणतात. आई चार वेळा जाऊन आली, चारही वेळा तिचा खाडा झाला.

मी जेवढं शोधलं ते असं. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागतं, वायरमनला आठवी पास चालतं. दोन्ही कोर्स दोन वर्षांचे. तरुणांना कामाचं कौशल्य शिकवणारी लाइटहाऊसची केंद्रं महापालिकेच्या सहकार्याने चालतात आणि चांगली आहेत, पण तिथे वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. बाजीराव रस्त्यावरच्या पूना नाईट हायस्कूलचंही डोक्यात आहे, पण तीनला उठणारं पोर रात्री वर्गात डोळे कसे उघडे ठेवणार, ते मला कळत नाही.

शिकायची सोय आहे, फीसुद्धा परवडेल. पण ती दोन वर्षं घरभाडं कुठून येणार, हे कोणत्याच माहितीपत्रकात सापडत नाही. आमच्याकडची मुलं हुशारीत कमी पडून गळत नाहीत, इथे गळतात. म्हणून विचारते: काम सांभाळून आयटीआय करता येतो का? कोणाच्या ओळखीत कोणी केलाय का? दुसरं, कागदांचं काय करायचं? एकाने सल्ला दिला की पोलिसांत ‘हरवले’ म्हणून तक्रार द्या, तसं शपथपत्र करा आणि दुय्यम प्रती काढा. पण ते हरवलेले नाहीत. मुलाच्या पहिल्याच शपथपत्रात खोटं लिहायला माझं मन घेत नाही.

तारतंत्री
ताई, मी वायरिंगची कंत्राटं घेतो, स्वतः वायरमन ट्रेडचाच आहे. आयटीआयच्या तुकड्या पाळ्यांमध्ये चालतात. निकालानंतर ऑनलाइन प्रवेश सुरू होतात. त्याआधी औंधला स्वतः जाऊन वायरमनची दुपारची तुकडी आहे का ते विचारा. ती असेल तर गाळ्यावरचं काम न सोडता जमू शकेल. मार्केटयार्ड ते औंध बसला किती वेळ जातो तो मात्र एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा.

आणखी एक, जे मुलांना कोणी सांगत नाही. आठवीच्या पायावर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केला आणि एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून ठरलेले पेपर दिले, तर दहावीची समकक्षता मिळते. म्हणजे गणित राहिलं म्हणून वाट बंद होत नाही. तरी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भराच, दोनच तर विषय आहेत.

अप्रेंटिस म्हणून थेट लागायचं असेल तर २०१९ च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्यालाही महिना किमान ५,००० विद्यावेतन ठरवलं होतं. पण धोकादायक कामाला १८ ची अट लागते, त्यामुळे विजेच्या कामात वर्षभर थांबावं लागेल. त्याला कोणी सेंट्रिंगच्या साइटवर लाइनचं काम देतो म्हटलं तर पाठवू नका. अशी पोरं मी भाजलेली बघितली आहेत.

सदाशिवपेठी
कागदांबद्दल. खोटं शपथपत्र करू नका, तुमचं मन बरोबर सांगतंय. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज आईच्या नावाने करा. वकिलाची नोटीस गेली की बहुतेक ठिकाणी कागद निघतात. फीची पावती, जाहिरातीचा फोटो, जे असेल ते जवळ ठेवा. तोवर मार्कलिस्ट डिजिलॉकरवर मिळते का बघा आणि शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा मागा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मार्कलिस्ट डिजिलॉकरवर मिळाली, आत्ताच त्याच्याच मोबाइलवर उघडली. पावती आईने देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती, तीही आहे. परवा मी अर्धी रजा टाकलीय, सकाळी कोर्टात आईबरोबर आणि तिथून औंधला त्याच्याबरोबर. वायरमनच्या दुपारच्या तुकडीत शिकलेलं कोणी इथे असेल तर कृपया लिहा, प्रॅक्टिकलला रोज किती वाजेपर्यंत थांबावं लागायचं? त्याला पहाटे तीनला उठायचं असतं.