रांदोरीला ‘नको’ म्हणता यावं का?

होटगी_रोड
मागच्या शनिवारी आमच्या क्लासमध्ये काय झालं ते आधी सांगतो, मग भांडू. ज्यांची मुलं नुकतीच लागलीत त्यांच्यासाठी: रांदोरी म्हणजे ज्युदोतला मोकळा सराव. डाव ठरलेला नसतो, समोरचाही तुम्हाला पाडायलाच बघत असतो.

१३ वर्षांचा मुलगा, पांढरा पट्टा, ३८ किलो. त्याच्यासमोर १७ वर्षांचा, ६४ किलोचा निळा पट्टा येऊन उभा राहिला आणि वाकला, म्हणजे ‘चल, माझ्याबरोबर खेळ’. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. आपल्याला शिकवलंच आहे तसं, सीनियर वाकला की आपणही वाकायचं, नको म्हणणं म्हणजे उद्धटपणा. तिसऱ्या मिनिटाला ओसोतो-गारी (पायामागं पाय घालून मागं पाडायचा डाव) बसली. डाव झकास होता, पण टाकताना वरच्याच्या हातून बाही सुटली. पोरगं ताठच्या ताठ मागं गेलं. आधी पाठ आपटली, लगेच डोकं. उठून हसलं, अजून एक घेतो म्हणालं. दहा मिनिटांनी पाणी पिताना मला विचारलं, ‘सर, आज कुठला वार?’ मी सांगितलं. बाटलीचं झाकण लावलं आणि परत तेच विचारलं.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरांनी सराव बंद ठेवलाय, पोरगं घरी वैतागलंय. टाकणारा मुलगा वाईट नाही, त्या रात्री तो याच्या घरी जाऊन बसला होता. माझं मत एवढंच: रांदोरीला नको म्हणायची मुभा प्रत्येकाला हवी. पट्टा कुठलाही असो, कारण न सांगता. पटत नसेल तर बोला.

लालमाती
न्हाई पटत. मी तालमीतला माणूस, पोरगी ज्युदोला जाते. आमच्या टायमाला वस्ताद जोड लावायचा आणि आम्ही हौद्यात उतरायचो. समोर कोण हाय ते उतरल्यावर कळायचं. दिसायलाच अवघड असलेल्या गड्याबरोबर लढूनच अंगात रग येते ओ. तुम्ही पोरं पार लोण्याची करायलेत. उद्या स्पर्धेत पंच ‘हाजिमे’ (सुरू करा) म्हणाला की पोरगी काय सांगणार, नको म्हणून?

होटगी_रोड
स्पर्धेत वजनगट असतो, वयोगट असतो, पंच दोन पावलांवर उभा असतो. सरावात यातलं काय असतं? आमच्याकडे सहा जोड्या एका वेळी लढतात आणि बघायला मी एकटा.

पट्टा_सुटला
मी गेली सहा वर्षं नको म्हणतेय, कुणाला कळलं नाही. आमच्या बॅचला एक दादा होते, त्यांना मुलींबरोबर हळू खेळणं कमीपणाचं वाटायचं आणि जोरात खेळणं नीट यायचं नाही. ते माझ्या दिशेनं निघाले की मी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि पट्टा सोडून परत बांधायचे. नीट, दोन्ही टोकं सारखी करून. दीड मिनिट आरामात जातं. तोवर ते दुसरीकडे वाकलेले असतात.

मॅटवर कितीजण एकाच वेळी पट्टा बांधतायत ते एकदा मोजा. मुभा आहेच, फक्त चोरून आहे.

जुना_पार्क
सोलापूरच्या पार्क मैदानाच्या आसपास तीस वर्षं घालवली, थोडं बोलतो.

‘सीनियरला नाही म्हणायचं नाही’ हे ज्युदोच्या शिस्तीत कुठून आलं, हा प्रश्न आधी विचारा. वाकताना आपण ‘ओनेगाई शिमास’ म्हणतो. त्याचा अर्थ विनंती. हुकूम नव्हे. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये एका देवळातल्या बारा तातामींवर, म्हणजे चटयांवर, कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढे ज्युदोचं तत्त्व सांगितलं ‘जिता क्योएई’, म्हणजे तुझंही भलं, माझंही भलं. समोरच्यानं मला त्याचं शरीर शिकायला उसनं दिलंय. उसनी वस्तू जशी घेतली तशी परत करायची.

पण होटगी रोड, तुमचा नियम मला मान्य नाही. ‘कारण न सांगता नको’ झालं की पंधरा दिवसांत मॅटवर मैत्रीच्या जोड्या लागतील. तोच तो, त्याच्याबरोबर, तोच डाव. नियम करायचा तर बाहीचा करा. ओसोतो टाकताना समोरच्याची बाही शेवटपर्यंत हातात आणि वर ओढलेली. तेवढ्यानं त्याची पाठ वळते, हनुवटी छातीला लावायला वेळ मिळतो, डोकं खाली जात नाही. बाही सुटली तर चूक टाकणाऱ्याची, खालच्याची उकेमी, म्हणजे न लागता पडायची रीत, कितीही कच्ची असो. आमच्या सरांकडे बाही सोडणाऱ्याला त्या दिवशी पुढची रांदोरी नाही. पंचवीस उकेमी मारून घरी.

दुसरं, रीलमधले डाव. परवा एका पोरानं कानी-बासामी केली. खेकड्याच्या नांगीसारखे दोन्ही पाय समोरच्याच्या पायांना पुढून-मागून घालून पाडायचं. १९८० साली जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुमिओ एंदोनं हा डाव तिथला विजेता यासुहिरो यामाशितावर टाकला आणि यामाशिताचा पाय मोडला. पुढे स्पर्धांतून हा डाव बादच झाला. यामाशिताचा पाय टिकला नाही तिथं सात रस्त्यावरच्या पोराचा टिकेल?

दोन_नंबरची_आई
मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि ७९ किलोचा आहे. लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते.

तुमचा नियम आला तर त्याच्याबरोबर कोण उभं राहणार? आत्ताच कुणी राहत नाही. तो कुणाला लागेल या भीतीनं इतका हळू खेळतो की सर ओरडतात. रांदोरी सुरू झाली की तो सगळ्यांच्या बाटल्या भरून आणतो. मला वाटायचं मदत करतो. नंतर कळलं, बाटल्या भरताना कुणी विचारत नाही ‘तू का बसलास’. शाळेत त्याला नको म्हणणारे पुष्कळ आहेत. क्लासमध्ये निदान वाकलं की समोरच्याला वाकावं लागतं, म्हणून मी त्याला ज्युदोला घातलं होतं.

लालमाती
ताई, पोराला घेऊन आमच्या तालमीत या. तिथं त्याला बसायला कुणी देणार न्हाई.

मेंदू_आणि_भाकरी
वैद्यकीय क्षेत्रात आहे, दोन मुद्दे. थोडे कोरडे वाटतील.

डोकं मॅटवर आपटलंच पाहिजे असं नाही. मान झटक्यात मागं गेली तरी मेंदू आणि त्यावरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणून फुटू शकतात, रक्त साचतं. जपानमध्ये १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यात पहिल्या वर्षाची, म्हणजे उकेमी न मुरलेली मुलं फार होती आणि डोक्याच्या दुखापतींत ओसोतो-गारी वारंवार निघाली. हा खेळ ज्यांनी जगाला दिला त्यांचं हे. त्याच जपानच्या महासंघानं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद केली, जिंकण्याचा हव्यास लहान वयात नको म्हणून. त्या वयात तिथं गळा आवळणं नाही की कोपराचा लॉक नाही.

शनिवारच्या मुलानं एकच प्रश्न दोनदा विचारला, तिथं सराव संपला. त्या दिवशी परत मॅट नाही, ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी नाही. पहिली इजा भरायच्या आत दुसरा धक्का बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

आणि होटगी रोड, राग मानू नका. तुमच्या नियमात नको म्हणायचं काम १३ वर्षांच्या पोरावर टाकलंय. तो म्हणाला नसता. पण त्यानं तुमच्याकडे पाहिलं होतं.

लालमाती
हेच म्हणायलोय मी. वस्ताद हौद्याच्या काठावर हातात काठी घेऊन उभा असायचा. बाहेरली टांग लागली आणि गडी आडवातिडवा जायला लागला की वरून आवाज यायचा, ‘सोड!’ आणि सुटायचं. शिवाय खाली ताक-तेल घालून मळलेली माती. तुमच्याकडं गादी पातळ आणि सर मोबाईलवर. (हे होटगी रोडना न्हाई, आमच्या पोरीच्या क्लासला.) पोरानं नको म्हणावं असं वाटतंय म्हणजे जोड लावणारा चुकलाय.

पट्टा_सुटला
लालमाती काका, जोड वस्तादानं लावायची हे मान्य. पण मग त्या दादांना माझ्यासमोर कुणी लावलं होतं? सरांनीच. आणि सरांना मी सांगितलं असतं तर ‘खेळात असं होतं’ हे उत्तर पाठ होतं. त्यामुळे मुभा काढू नका, कुठेतरी ठेवा.

शिवाय मॅटची नुसती निगा बघा. दोन मॅटच्या फटीत अंगठा अडकून माझं नख उपटलं तेव्हा कळलं की रोज बॅचच्या आधी मॅट लाथेनं सरकवून बसवायच्या असतात. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली स्टीलची कडी, गळ्यातले ताईत, करदोटे, सगळं घालून मुलं उतरतात. ताईत काढायला सांगितलं की घरून फोन येतो.

होटगी_रोड
मेंदू-भाकरींचं वाक्य दोन दिवस डोक्यात होतं म्हणून उशीर. हो, त्यानं पाहिलं होतं. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मुभेचं मत मी सोडत नाही. मोठ्यांसाठी ती हवीच, पट्टा सुटला म्हणतात तशी. पण पंधराच्या खालच्यांची जोड आता मी लावणार, आणि पंधरा किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर मोठ्यानं फक्त बचाव करायचा, टाकायचं नाही. बाहीचा नियम जुना पार्कचा जसाच्या तसा घेतला. सहाऐवजी तीन जोड्या, बाकीचे भिंतीला. जुना पार्क म्हणतील सराव अर्धा झाला. होऊ दे.

दोन नंबरच्या ताई, कुठल्या क्लासला जातो ते विचारत नाही. मी ७६ किलोचा आहे, गुडघा थोडा कुरकुरतो, बाकी ठीक. मंगळवारी साडेपाचला आणा. आल्यावर आधी मीच वाकेन.

जुना_पार्क
फक्त बचाव करणाऱ्याला काय शिकायला मिळतं? यावर वेगळं भांडू.

दोन_नंबरची_आई
आणते. बाटली एकच देते.

पट्टा_सुटला
होटगी रोड, मंगळवारच्या आत तो कूलर मॅटच्या कडेवरून हलवा. मागच्या मे महिन्यात मी तुमच्याकडे पाहुणी म्हणून आले होते. जमिनीवरच्या लढतीत माझा गळा आवळला होता, ‘सोड’ म्हणून मॅटवर दोनदा थाप मारली आणि वरच्याला कूलरच्या घरघरीत ऐकूच गेली नाही. तिसरी त्याच्या पाठीत मारली तेव्हा सुटले. थाप समोरच्याच्या अंगावर मारायची, हे पोरांना पहिल्या दिवशी सांगा.