'डेडली फोर्स'ला मराठीत काय म्हणायचं?

होटगी रोडवाला: एलएलबीला आहे, प्रोजेक्ट मराठीत द्यायचाय. विषय, पोलिसांनी गोळी घालण्यावर घटनेची मर्यादा. अमेरिकेची टेनेसी विरुद्ध गार्नर केस घेतलीय, निकाल १९८५ चा. मेम्फिसमधे १५ वर्षांचा पोरगा घरफोडी करून पळत होता, कुंपण चढताना पोलिसानं मागून गोळी घातली, हातात हत्यार दिसत नव्हतं. 'जीवघेणं बळ' लिहिलं तर मॅडम हसल्या.

जुना प्रूफरीडर: हसणारच की, जीवघेणा तर आपल्याकडं मे महिन्यातला उकाडा पण असतो. प्राणघातक बळ लिहा. 'प्राणघातक हल्ला, प्रकृती स्थिर' अशी बातमी येतेच, माणूस वाचला तरी शब्द चालतो, अन कायद्याला पण तेच अभिप्रेत आहे, जीव जाऊ शकेल एवढा जोर, गेलाच पाहिजे असं नाही.

कोर्टाजवळचा: बरोबर. आणि निकालातल्या 'सीझर' (seizure) ह्या इंग्रजी शब्दाला जप्ती लिहू नका, जप्ती मालाची होते. त्या निकालात गोळी घालून अडवणं हे पण ताब्यात घेणंच धरलंय म्हणून अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती, म्हणजे अवाजवी झडती अन ताब्यात घेण्याला मनाई करणारी, ती लागू झाली. नुसता पळतोय म्हणून गोळी नाही, त्याच्यापासून पोलिसाच्या किंवा लोकांच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका आहे असं मानायला सबळ कारण पाहिजे, आणि शक्य असेल तिथं आधी इशारा.

विजापूर वेस: मग आपल्या पेपरातली चकमक?

कोर्टाजवळचा: चकमक झडते, तिला दोन बाजू लागतात, शब्दच ठिणगी पाडायच्या चकमकीवरून आलाय, गारगोटीवर पोलाद आपटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. एन्काउंटर मात्र लोक 'केला' म्हणतात, ते पण 'त्याचा केला', म्हणजे सगळं बोलूनच टाकलं! सुप्रीम कोर्टानं २०१४ मधे पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र केसमधे १६ सूचना दिल्या, गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमकडं द्या, दंडाधिकारी चौकशी करा, लगेच शौर्यपदक किंवा आउट ऑफ टर्न प्रमोशन नको.

विजापूर वेस: पण जन्मठेपेचा गुन्हा असला की मारता येतं ना?

कोर्टाजवळचा: उलटं वाचू नका मालक. बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम ४३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ४६, एवढंच म्हणतं की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला अटक करताना ठार मारायचा हक्क ह्या कलमानं मिळत नाही. आरोप असला की मोकळं रान, असं कुठं लिहिलंय? आपल्या घटनेचं जगण्याचा हक्क देणारं कलम २१ तर 'व्यक्ती' म्हणतं, नागरिक पण नाही, म्हणजे आरोपी पण आलाच.

जुना प्रूफरीडर: सरळ गोळीबार म्हणा. मे १९३० मधे मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) आधी सोलापुरात इंग्रजांच्या पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या त्याला कोण चकमक म्हणत नाही, बंदुका एकाच बाजूला होत्या.

होटगी रोडवाला: मग 'पोलीस गोळीबारात मृत्यू' लिहितो, अन चकमक फक्त पोलिसांचं म्हणणं सांगताना, अवतरणात.

कोर्टाजवळचा: चालेल. 'कथित' तेवढं दर ओळीला नको, कंटाळा येतो बे वाचताना.