सल्ला हवा: गाडी सिग्नलला बंद पडते

किकमारे: १०० सीसी, कार्ब्युरेटरवाली, बारा वर्षं जुनी. दोन महिने उभी होती. चालताना झकास, पण थ्रॉटल सोडला की फुर्रर्र... बंद. चोक अर्धा ओढून ठेवला तर मात्र सुरू राहते. जवळ एक स्क्रूड्रायव्हर आहे. खर्च शक्यतो नको.

धूरसम्राट: विकून टाका. मी फ्युएल इंजेक्शनवाली घेतली, तेव्हापासून चोक हा शब्दच विसरलो.

किकमारे: खर्च नको म्हटलंय हो.

टॅपेटतात्या: प्लग बदला. माझं प्लग बदलल्यावर थांबलं.

नटबोल्ट: प्लगचा दोष असता तर पळतानाही मिसिंग मारली असती. चोक हवा कमी करतो; त्यावर टिकते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. दोन महिने उभी, तेव्हा स्लो जेट (थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल देणारी कार्बमधली बारीक नळी) चोंदला असणार. त्याचं भोक केसाएवढं असतं, वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा तिथेच बसतो. जेट काढून कार्ब क्लीनर मारा, आरपार उजेड दिसला पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं.

अर्धाचोक: मी तर कायम तारच घालतो. काही होत नाही.

नटबोल्ट: तुमचं आयडी बघून कळलंच.

टॅपेटतात्या: आधी प्लग बघा हो.

गॅरेजबाहेरचा: कार्ब आणि इंजिन यांच्यामधलं रबरही बघा. तडा असेल तर तिथून हवा ओढते आणि लक्षणं हुबेहूब हीच. आणि मिक्श्चर स्क्रूला (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवतो तो) हात लावण्याआधी हळूच आत बसवत फेरे मोजून लिहून ठेवा. मी नव्हते लिहिले. आठवडा गेला.

अर्धाचोक: सोपं आहे, स्क्रू आत फिरवला की पेट्रोल वाढतं.

धूरसम्राट: कमी होतं! माझ्या जुन्या गाडीवर हजारदा केलंय.

नटबोल्ट: दोघंही बरोबर. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. धागा किकमारेंचा आहे, भांडण दुसरीकडे.

टॅपेटतात्या: टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) घट्ट असले तरी तापल्यावर बंद पडते. इंजिन पूर्ण गार असताना तपासा.

गॅरेजबाहेरचा: तात्या, अखेर प्लग सोडलात!

किकमारे: सर्वांचे आभार. जेट काढायचं धाडस झालं नाही. आयडलिंगचा स्क्रू (थ्रॉटल सोडल्यावर इंजिन किती वेगात फिरेल ते ठरवणारा) दीड फेरा आत घेतला, आता बंद पडत नाही. सिग्नलला जरा गुरगुरते, एवढंच.

नटबोल्ट: अहो, ती पायरी आधी नव्हे, शेवटी असते. जेट अजून तसाच आहे. गार असताना पडेल बंद.

किकमारे: तेव्हा चोक आहेच की.

टॅपेटतात्या: प्लग बघितला का?