मदत हवी आहे: नैराश्याची गोळी चालू, मन सावरलं, पाय साथ देईनात

हळदपेठ:
सांगली, विश्रामबाग. बहीण, वय ५३. एसिटालोप्राम १० मिग्रॅ चालू होऊन सात आठवडे झाले. झोप, भूक, बोलणं सुधारलंय. पण मांडी घालून बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, आणि सकाळी अंथरुणातून उठताना गरगरतं. इतर गोळ्या: बीपीची टेल्मिसार्टन ४० अधिक हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५, आणि साखरेची मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, सहा वर्षांपासून. गुडघ्यासाठी मेडिकलमधून अधूनमधून डायक्लोफिनॅक. घरात निम्मे म्हणतात गोळी बंद कर, निम्मे म्हणतात वय झालं. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. काय मोजून न्यावं?

औषधवाला:
दादा, आधी रक्तातलं सोडियम तपासा, ते उतरलं की अशक्तपणा आणि गरगरणं दोन्ही येऊ शकतं. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे सोडियम काढतं, आणि एसिटालोप्राममुळे काहींच्या शरीरात पाणी अडून राहतं, म्हणजे उरलेलं सोडियम आणखी पातळ. ही जोडी सांगलीत काय, कुठल्याही घरातल्या डब्यात सापडेल. मानसोपचारतज्ज्ञाला बीपीची स्ट्रिप दाखवायचीच राहून जाते. नॉर्मल १३५ ते १४५. १३० च्या खाली आलं, किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर मंगळवारची वाट बघू नका. जेवणात मीठ वाढवून हे भागत नाही, बीपीवाल्याला ते परवडतही नाही.

दुसरं, बीपी उभं राहून मोजा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गरगरण्याचं कारण बहुतेक तिथंच आहे. नुसतं खुर्चीत बसून मोजलेल्या बीपीत हे दिसतच नाही.

सहा वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व तपासाच, त्या गोळीनं ते कमी होऊ शकतं. सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), डी जीवनसत्त्व.

वाळव्याचा_फिजिओ:
अशक्तपणा गोळीच्या आधीचा की नंतरचा? तारखा लिहून काढा, अर्धं उत्तर त्यातच मिळेल. नैराश्यात माणूस महिनोन्महिने पडून असतो, मांडीचे स्नायू झिजतात. गोळीनं मन उठतं, स्नायू आपोआप भरत नाहीत. मग नाव गोळीचं होतं.

घरी मोजायला: बिनहाताची, साधारण ४३ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर, पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायात ताकद कमी. शेजारी कुणीतरी उभं हवंच. प्लास्टिकची खुर्ची नको, पाय फाकतात. गरगरणं थांबल्यावर हाच व्यायाम: दहा-दहाचे दोन फेरे, एक दिवस आड. घाटाच्या पायऱ्या इतक्यात नकोत.

हळदपेठ:
तारखा काढल्या. उठायचा त्रास गोळीच्या दोन महिने आधीपासून, गरगरणं मात्र नंतरचं. म्हणजे दोन वेगळ्या भानगडी?

औषधवाला:
तसंच दिसतंय. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळ्या सांगा, एका वाक्यात "अशक्तपणा" म्हणू नका. गोळी मनानं बंद करू नका; एकदम थांबवली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, आणि लोकांना वाटतं आजार उलटला. कमी करायचीच तर टप्प्याटप्प्यानं, डॉक्टर सांगतील तशी.

आणि ते डायक्लोफिनॅक आजच थांबवा. एसिटालोप्रामसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर थेट दवाखाना. बदल्यात ट्रामाडॉल नावाची दुखण्यावरची गोळी कुणी दिली तर तीही विचारल्याशिवाय घेऊ नका, ती एसिटालोप्रामशी भांडते.

हळदपेठ:
डायक्लोफिनॅकची स्ट्रिप बाजूला काढून ठेवली. सोडियम उद्या सकाळी.