भाषिक अल्पसंख्याक कार्यालयाचा पैसा आणि माणसं: खासदारांना विचारायला लावायचं की नाद सोडायचा?

मलप्रभाकाठ (खानापूर)
परवा गावात एका पूजेला बसलो होतो तर विषय निघाला, बेळगावातलं भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं ऑफिस चेन्नईला हलवलं ते परत येणार की नाही. निम्म्या लोकांना असं काही ऑफिस होतं हेच माहीत नव्हतं, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा सातवी घटनादुरुस्ती झाली आणि कलम ३५०ब आलं. त्यानुसार राष्ट्रपतींनी एक विशेष अधिकारी नेमायचा, त्यानं भाषिक अल्पसंख्याकांना दिलेली संरक्षणं नीट मिळतात का ते तपासायचं, अहवाल राष्ट्रपतींना द्यायचा आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठेवायचा. १९५७ ला पहिले आयुक्त नेमले, बी. मलिक. मुख्यालय अलाहाबाद, नंतर दिल्ली, आणि विभागीय ऑफिसं तीन, कोलकाता, चेन्नई आणि आपलं बेळगाव. अख्ख्या देशात तीन, त्यातलं एक आपल्या दारात होतं.

आता मुद्दा. सीमाप्रश्न संसदेत काढला की उत्तर ठरलेलं, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, न्यायप्रविष्ट आहे, चर्चा नाही. मराठी शाळेतल्या मास्तरांच्या जागा विचारल्या तर तो राज्याचा विषय, प्रश्नच दाखल होत नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद. पण हे ऑफिस केंद्राचं आहे, अल्पसंख्याक मंत्रालयाखाली येतं, पगार दिल्लीतून होतो आणि ते कुठल्या कोर्टात अडकलेलं नाही. इथं मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या दहा वर्षांत दरवर्षी किती रक्कम मंजूर झाली आणि खर्च किती झाली, बेळगावचं ऑफिस कुठल्या आदेशानं हललं, हे कुठल्याही खासदारानं विचारलं तर ‘आमचा विषय नाही’ म्हणून सुटता येत नाही. आपल्या सगळ्या मागण्यांत हे एकच असं आहे की जे नियमानं टाळता येत नाही, आणि आपण तेच मागत नाही! मोर्चे काढतो, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, ते पाळलंच पाहिजे, पण हे पण करा की.

जुना अनगोळकर
खानापूरकर, तुमची तळमळ कळते पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते स्पष्ट सांगतो. आम्ही अल्पसंख्याक नाही. आम्ही आमच्या गावात, आमच्या शेतात, आमच्या बापजाद्यांच्या घरात आहोत, राज्याची रेघ आमच्या डोक्यावरून ओढली म्हणून आम्ही अल्पसंख्याक झालो काय? त्या ऑफिसच्या दारात जाऊन संरक्षण मागायचं म्हणजे आधी मान्य करायचं की आम्ही कर्नाटकातले मराठी अल्पसंख्याक. मग कोर्टात उद्या समोरचा वकील म्हणणार, बघा, हे तर इथलेच म्हणून हक्क मागताहेत. १९६७ ला बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हापासून आम्ही ही लढाई बघतोय, माझी अर्धी हयात त्यात गेली. लढाई एकच ठेवा, तिला फाटे फोडू नका.

निपाणीचा भाचा
काकांचं बरोबर वाटतंय मला. आणि प्रॅक्टिकली बघा, प्रश्न विचारणार कोण? बेळगावचा आणि चिक्कोडीचा खासदार हा प्रश्न का विचारेल, त्याला मतं सगळ्यांची लागतात. मग महाराष्ट्रातल्या खासदाराच्या पाया पडायचं, तो विचारणार, मंत्री दोन ओळींचं उत्तर देणार, पेपरात फोटो, संपलं. माझ्या वयाच्या पोरांना पुणं-कोल्हापूरला एमआयडीसीत जॉब शोधायचाय, त्यांना ऑफिस चेन्नईत असलं काय आणि चंद्रावर असलं काय.

हिशेबनीस, शहापूर
मी सरकारी ऑडिटच्या जवळपास नोकरी काढलीय म्हणून थोडं त्या बाजूनं. संसद खर्चावर नजर ठेवते हे पुस्तकात छान दिसतं. प्रत्यक्षात १४ मार्च २०१८ आठवा, लोकसभेत गोंधळ चालू होता आणि त्या गोंधळातच ९९ मंत्रालयं-खात्यांच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, जेमतेम अर्ध्या तासात चर्चेविना मंजूर झाल्या. गिलोटिन म्हणतात त्याला, ठरलेली वेळ संपली की राहिलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकायच्या. कपातसूचना द्यायची सोय आहे, धोरण मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा, एखादी तक्रार नोंदवायची असेल तर शंभर रुपये कापा म्हणायचं, पण सरकारकडे बहुमत असतं त्यामुळे ती पास होत नाही. हे सगळं अल्पसंख्याक मंत्रालयाच्या एवढ्या मोठ्या मागणीतल्या एका बारक्या ओळीसाठी कोण करणार? त्या मंत्रालयात बहुतेक पैसा शिष्यवृत्त्या आणि विकास योजनांचा असतो, भाषिक अधिकाऱ्याचं ऑफिस म्हणजे आस्थापना खर्चातली एक ओळ.

मलप्रभाकाठ (खानापूर)
हिशेबनीस साहेब, गिलोटिनचं खरं आहे, पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. सभागृहात गोंधळ असतो, समितीच्या खोलीत नसतो. १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत, आता २४, एकेकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बजेट मांडलं की मधल्या सुट्टीत या समित्या एकेक खात्याची मागणी घेऊन बसतात आणि खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारतात. अल्पसंख्याक मंत्रालय सामाजिक न्याय समितीकडे येतं. २०२२-२३ चं बघा, या मंत्रालयाला ५,०२० कोटी दाखवले आणि सुधारित अंदाजात ते २,६१२ कोटींवर आले, म्हणजे जवळजवळ अर्धे उडाले. का खर्च झाले नाहीत हे विचारायची जागा समितीच आहे. समितीनं शिफारस केली की मंत्रालयाला तीन महिन्यांत लेखी सांगावं लागतं, मान्य केली की नाही आणि नाही तर का. बंधनकारक नाही हे मान्य, पण लेखी असतं. आपल्याकडं आजवर काय लेखी आहे सांगा की.

आणि माणसांचं म्हणाल तर रिकाम्या जागांचा आकडा चर्चेत आला तो संसदेत विचारल्यामुळं. १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारात मंजूर ४०.३५ लाख पदांपैकी ९.७९ लाख रिकामी होती, हे लोकसभेतल्या उत्तरात आलं आणि मग पोरांनी, संघटनांनी, विरोधकांनी तो आकडा धरून सरकारला सळो की पळो केलं. आकडाच नसता तर काय धरलं असतं?

शाळेतली बाई
नमस्कार, मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मी एका मराठी प्राथमिक शाळेत आहे, कुठली ते सांगत नाही. चार इयत्ता, एक खोली, मी एकटी. पहिलीची पोरं पाटीवर गमभन काढतात तेव्हा चौथीच्या पोरांना पाढे लिहायला लावायचे, मग उठून दुसरीला बघायचं, तोवर पहिलीतलं एखादं झोपलेलं असतं. पोषण आहाराची यादी, हजेरी, मोबाइलवरची माहिती हे सगळं वेगळं. नवीन शिक्षिका मागितली की ‘येईल’ म्हणतात, तीन वर्षं झाली.

अनगोळकर काका, तुमचा मान राखून विचारते, अल्पसंख्याक शब्द तुम्हाला टोचतो, मला पण टोचतो, पण माझ्या वर्गातल्या पोराला कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पहिलीतच बसवून ठेवू काय? एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्यायचं, हे १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलंय, पुढं घटनेत ३५०अ आलं. ते पाळलं जातंय का हे बघायचं काम ज्या ऑफिसचं, त्यात माणसंच आहेत की नाहीत हे विचारलं तर आपली लढाई कशी कमजोर होते ते मला खरंच समजत नाही.

जुना अनगोळकर
बाई, तुमच्या शाळेचं वाचून वाईट वाटलं. माझी नात पण मराठी शाळेतच आहे. पण ते ऑफिस करून करून काय करणार? तपासणार आणि अहवाल लिहिणार. पन्नासावा अहवाल जुलै २०१२ ते जून २०१३ चा आहे. म्हणजे पन्नास अहवाल झाले, दर अहवालात राज्यांना शिफारशी, आणि राज्यांनी काय केलं ते तुम्ही रोज त्या एका खोलीत बघताय. आयुक्ताला कुणाला दंड करता येत नाही, आदेश देता येत नाही. दात नसलेल्या माणसाच्या कवळीचा खर्च विचारून काय मिळणार?

मलप्रभाकाठ (खानापूर)
काका, दात नाहीत हे मान्य. पण डोळे होते ना? ते पण आता चेन्नईला नेले. माझे वडील शेतीच्या उताऱ्यासाठी एका सरकारी खिडकीवर गेले होते, कानडीतला उतारा हातात दिला, वाचता येईना म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोराकडून वाचून घेतला. त्यात सर्व्हे नंबर चुकलेला, तो त्या पोराला कळला नाही आणि वडिलांना वाचता आला नाही. कळलं आठ महिन्यांनी, सोसायटीचं कर्ज अडकल्यावर. ज्या तालुक्यात, नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाची सरकारी माहिती आणि नियम त्या भाषेतून पण प्रसिद्ध करायचे असं ठरलेलं आहे. खानापुरात आपण १५ टक्के आहोत काय हो, कितीतरी जास्त आहोत! ही तक्रार आमच्या वडिलांनी एसटीनं तासाभरात जाऊन द्यायची की रेल्वेचं तिकीट काढून चेन्नईला जाऊन, आणि ती पण कुठल्या भाषेत?

निपाणीचा भाचा
ओके, हा उताऱ्याचा किस्सा आमच्या मामाकडं सेम झालाय, फक्त आकारणीत. पण मग आरटीआय टाका की दादा, दहा रुपयात काम, खासदार कशाला मध्ये?

हिशेबनीस, शहापूर
आरटीआय जरूर टाका, पण त्यात माहिती अधिकारी त्याच्याकडं जो कागद आहे तो देतो, ‘का’ विचारलं की कायद्यात बसत नाही म्हणतो. संसदेत ‘का’ विचारता येतं, हा फरक आहे. मगाशी मी थोडं निराशेनं लिहिलं, तेवढं मागं घेतो. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडं आहे, आणि कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल येणार आहे म्हटलं की ऑफिसात रात्री दिवे चालू असायचे, फायली शोधल्या जायच्या, हे मी स्वतः बघितलंय. म्हणजे भीती असते, पण कुणीतरी विचारणार हे माहीत असलं तरच. माझा विरोध एवढाच की एका प्रश्नावर थांबू नका. लोकसभेत एका दिवशी तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, २० आणि अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, २३० प्रश्न असतात, त्यात तुमचा एक कुठं हरवेल कळणार नाही. प्रश्न टाका, उत्तर आलं की त्यातलं भोक शोधून दुसरा टाका, आणि बरोबरीनं लोकसभेच्या याचिका समितीकडं सह्यांचा अर्ज द्या. याचिका खासदारामार्फत सादर केली तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, मग तो खासदार त्याला बांधला जातो.

जुना अनगोळकर
हिशेबनीस, तुम्ही पण तिकडं गेलात? माझं मत बदललेलं नाही. पण एक विचारतो, प्रश्नात ‘अल्पसंख्याक’ शब्द टाळून लिहिता येईल काय?

मलप्रभाकाठ (खानापूर)
येतो की काका. ‘घटनेच्या कलम ३५०ब खालील विशेष अधिकाऱ्याचं कार्यालय’ एवढंच लिहायचं. मी असा मसुदा केलाय, बघा: कलम ३५०ब खालील कार्यालयात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं किती, विभागवार, गेल्या दहा वर्षांत दरवर्षी मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च, बेळगावचं विभागीय कार्यालय कधी, कुठल्या आदेशानं आणि काय कारणानं हलवलं, तिथल्या पदांचं पुढं काय झालं, तिथून पूर्वी किती शाळांची पाहणी होत होती आणि हलवल्यापासून किती झाली, आणि ते परत सुरू करण्याचा विचार आहे का.

शाळेतली बाई
‘किती शाळांची पाहणी’ नको, ‘किती मराठी शाळांची प्रत्यक्ष भेट देऊन पाहणी’ असं लिहा. नाहीतर कागदावरची पाहणी मोजून दाखवतील. आणि भेटीची तारीख मागा.

हिशेबनीस, शहापूर
बाईंचं बरोबर. आणि १५० शब्दांच्या आत बसवा, नाहीतर तिथंच उडेल. नोटीस पंधरा दिवस आधी लागते, म्हणजे अधिवेशनाची तारीख लागायच्या आत खासदाराच्या हातात पाहिजे.

निपाणीचा भाचा
मी टाईप करून देतो, मराठी इंग्लिश दोन्ही. कानडीत पण करू काय? आपल्या चिक्कोडीच्या खासदारांना पण एक प्रत देऊ, नाही म्हणाले तर नाही म्हणाले हे तरी कळेल.

जुना अनगोळकर
रविवारी आपल्या एकीकरण समितीच्या बैठकीला घेऊन या. मी विरोधातच बोलणार, आधीच सांगतो, आणि ते इतिवृत्तात लिहायला लावणार. पण मांडायला तुम्हाला वेळ मिळेल हे मी बघतो. बाईंना पण आणा, त्यांच्या शाळेचं त्यांनीच उभं राहून सांगावं.

शाळेतली बाई
रविवार चालेल काका. येताना हजेरीची झेरॉक्स आणते, नावं झाकून.